कावडीचा पिक्चर

त्या पिक्चरचं खरं नाव आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. कॅसेटवर कागद चिकटवलेला नव्हता आणि सुरुवातीला पडद्यावर जी अक्षरं यायची ती काटक्या एकमेकींवर टाकल्यासारखी दिसायची. त्यात एक मुलगी खांद्यावर कावड घेऊन डोंगर चढते, म्हणून आम्ही मुली त्याला कावडीचा पिक्चर म्हणायचो. मुलगे कराटेचा पिक्चर म्हणायचे, कारण त्यात मारामारी पुष्कळ होती.

मिरजगाव माझं माहेर. मी चौथी करून घरी बसले होते आणि अजून लग्नाचं कोणी काढलेलं नव्हतं, त्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. बाजाराच्या दिवशी बाजारतळाच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ लावायचे. दुपारचा खेळ बायकांचा असायचा, कारण बाजार झाला की घरी जायच्या आधी त्यांना थोडं बसता यायचं. पत्र्याच्या फटींत पोती कोंबून अंधार केलेला, खाली पोतीच अंथरलेली, आणि समोर टेबलावर एक रंगीत टीव्ही. उन्हाने पत्रा तापला की आत नुसती भट्टी. बायका पदराने वारा घेत आणि पिशवीतली भाजी सुकू नये म्हणून तिच्यावर पाणी शिंपडत पिक्चर बघायच्या. ओल्या कोथिंबिरीचा वास आला की मला अजूनही ते शेड आठवतं.

माझा दादा त्या व्हिडिओवाल्याकडे कामाला होता. सकाळी सायकलला भोंगा बांधून तो गावभर फिरायचा आणि आज कोणता पिक्चर आहे ते माईकवरून सांगायचा. त्याचा आवाज पहिल्यापासून मोठा आणि गोड. मळ्यात उभा राहून हाक मारली तर ती घरात, चुलीपाशी ऐकू यायची. आई म्हणायची, देवाने या दोघांचा आवाज वाटताना सगळा एकाच्याच पदरात टाकला.

ते खरंच होतं. मी बोलत नसे. येत होतं सगळं, पण चार माणसं समोर आली की शब्द घशाशी येऊन परत फिरायचे. शाळेत गुरुजींनी विचारलेलं उत्तर माहीत असायचं तरी मी पाटीकडे बघत बसायची. पाहुणे आले की मी उतरंडीमागे. घरात आणि आळीत सगळे मला मुकीच म्हणायचे. "मुके, पानी आन." "मुके, म्हस सोड." त्यात कोणाचा राग नसायचा. ते माझं नावच होऊन गेलं होतं.

एका बाजाराला व्हिडिओवाल्याने नगरहून भलतीच कॅसेट आणली. लावली तर कोणाला एक शब्द कळेना. चिनी होती की जपानी, देव जाणे. थोडा वेळ बायकांनी वाट बघितली, मग कुरकुर सुरू झाली.

"काय बोलत्याती ह्ये? चिमन्या भांडल्यावानी."

"बंद कर रं बाबा. आमचं पैसं दे माघारी, माझी गाडी जाईल."

व्हिडिओवाला दाराला लावलेल्या पोत्यामागे जाऊन उभा राहिला. तेव्हा दादाने टीव्हीचा आवाज अगदी बारीक केला, भोंग्याचा माईक उचलला आणि तो बोलायला लागला.

"तर मंडळी, ही पोरगी हाय गरिबाची. हिच्या गावाला पानी न्हाई. म्हनून ही गंगंवरून कावड घेऊन निघालीय, डोंगरावरच्या द्येवाला."

आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. चैत्रात गंगेचं पाणी कावडीने पायी आणणारी माणसं आमच्या दारावरून जायची. आई त्यांच्या पायांवर तांब्याभर पाणी घालायची, आणि आमच्या घरात पाण्याचा तांब्या काही कोणी उगीच ओतत नसे. त्यामुळे कावड म्हटल्याबरोबर शेड शांत झालं. सगळ्यात पुढे बसलेल्या एका म्हातारीने तर टीव्हीकडे बघून हात जोडले.

मग दादा सुटलाच. झाडाखाली एक म्हातारा आडवा पडलेला दिसला, तर दादा म्हणाला, हे तिचे गुरू, आजारी आहेत. पांढऱ्या भुवयांचा एक माणूस घोड्यावरून आला, तर दादा म्हणाला, "ह्यो पानी अडिवनारा. वरच्या अंगाला ह्यानं बांध घातलाय." बायकांनी त्या भुवयांच्या माणसाला अशा शिव्या दिल्या की त्या मला इथे लिहवत नाहीत. दादा प्रत्येक गड्याचा आवाज वेगळा काढायचा, गुरूचा थरथरता, भुवयांवाल्याचा घोगरा. घोड्याचाही काढला.

मग पडद्यावरच्या त्या मुलीने तोंड उघडलं, आणि दादा थांबला. शेडभर बायका, त्यात आई बसलेली, आळीतल्या पोरी बसलेल्या. माईक त्याच्या तोंडाशी तसाच. थोड्या वेळाने तो म्हणाला, "ही पोरगी मुकी हाय."

मागून एक बाई म्हणाली, "अरं मंग तोंड का हलतंय तिचं?"

"द्येवाचं नाव घेतीया, मावशी. तोंडातल्या तोंडात."

"लईच येळ घेतीया."

"कावड जड हाय."

सगळ्या हसल्या. आळीतल्या दोघी-तिघी मात्र मागे वळून माझ्याकडे बघून हसल्या. मला वाटलं, या पोत्याखाली शिरावं. दादाने असं भर शेडमध्ये का बोलावं, म्हणून डोळ्यांत पाणी आलं. मान खाली घालूनच मी पुढचा पिक्चर ऐकला.

शेवटी मात्र बघावंच लागलं, कारण शेडमध्ये कोणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. भुवयांवाल्याची माणसं त्या मुलीला पायऱ्यांवर अडवतात. ती दोन्ही मडकी अलगद खाली उतरवते, एक थेंब सांडू देत नाही. मग कावडीची काठी हातात घेते. पुढे काय झालं ते मला सांगता येणार नाही, बघायलाच पाहिजे. ती काठी कुठे संपते आणि मुलगी कुठे सुरू होते तेच कळत नव्हतं. एवढाले गडी पायऱ्यांवरून ज्वारीच्या पेंढ्यांसारखे खाली आले. दादा फक्त एवढंच म्हणत होता, "मुकी हाय. पर बगा."

घरी जाताना त्या हसलेल्या पोरी माझ्याबरोबरच चालत होत्या, आणि त्यांच्यातली एक माझ्या हातातली पिशवी धरायला लागली.

त्या दिवसापासून माझ्या मनात पक्कं बसलं की दादाने ते माझ्यासाठी केलं. मला सगळे मुकी म्हणतात, तर मुकी काय असते ते त्याने गावाला दाखवलं. मी त्याला कधी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे बोलायला पाहिजे.

तो पिक्चर मग किती बाजार चालला. दादाचं सांगणं ऐकायला बायका पुन्हा पुन्हा यायच्या. तो दर वेळी काहीतरी बदलायचा. कधी गुरू मरायचे, कधी बरे व्हायचे. एकदा तर भुवयांवाल्याने शेवटी माफी मागितली. मुकी मात्र दर वेळी मुकीच राहिली. मी गोठ्यामागे जाऊन दावणीपाशी पडलेली काठी फिरवून बघायची. डावा पाय मागे, काठी डोक्यावरून, मग पुढे. आई म्हणायची, "म्हशीला भ्या दावतीस का गं? आटंल ती."

नंतर माझं लग्न झालं ते पुणतांब्याला, अगदी गंगेच्या काठच्या गावात. माहेरच्या बायका थट्टा करायच्या, आता येताना कावड घेऊन ये. सासरी पहिली काही वर्षं मी खाली मान घालून काम केलं. जास्त बोलणारी सून कोणाला नकोच असते, त्यामुळे माझं तसं बरं चाललं. पण कधी जाऊबाई फार बोलून गेल्या की मी डोक्यावरची घागर खाली उतरवताना, एक थेंब न सांडता, अगदी हळू उतरवायची. एवढंच. कोणाला काही कळायचं नाही. मला बरं वाटायचं.

व्हिडिओ बंद पडले तशी दादाने स्पीकर आणि मांडवाचं काम धरलं. पुढे स्वतःचा टेम्पो घेतला. लग्नात मंगलाष्टका तोच म्हणायचा, जत्रेत कुस्त्यांच्या फडावर तोच बोलायचा, कोणी वारलं तर गावात तोच सांगत फिरायचा. आमच्या कर्जत तालुक्यात त्याचा चेहरा माहीत नसलेली माणसंसुद्धा त्याचा आवाज ओळखायची. आणि तंबाखू. ती त्याच्या गालातून कधी निघालीच नाही.

गेल्या वर्षी त्याच्या घशात गाठ निघाली. नगरच्या दवाखान्यात मोठं ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण तिच्याबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागली. आता गळ्याला पुढे एक भोक आहे, तिथून तो श्वास घेतो. त्यावर पातळ फडकं बांधलेलं असतं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला. ते खरंच आहे आणि आम्ही सगळे तेच म्हणत राहिलो.

दवाखान्यात एक बाई आहेत, त्या अशा माणसांना पुन्हा बोलायला शिकवतात. हवा गिळायची, ढेकर वर आणायची आणि त्या ढेकरेवर शब्द बसवायचा. आधी पा, टा, का अशी टणक अक्षरं, मग बाकीची. त्यांनी वहिनीला बजावून सांगितलं होतं की रोज बसवा, सुरुवातीचेच महिने महत्त्वाचे. आता जमलं तर जमेल, नाहीतर माणसाला गप्प राहायची सवय लागते आणि मग तो पुन्हा बोलायला बसत नाही.

दादा थोडे दिवस बसला. मग एक दिवस ओसरीवर पाहुणे आले होते. दादाने सगळा जोर एकवटून त्यांना "बसा" म्हणायचा प्रयत्न केला. पाहुण्यांना नुसती ढेकर ऐकू आली. त्यांच्यातला एक चांगल्या मनाने म्हणाला, "जेवान झालं वाटतं पाव्हनं. पोट भरलं." नातवंडं हसली. दादा उठून आत गेला. त्या दिवसापासून त्याने तोंड उघडलं ते फक्त घास घ्यायला. कोणी आलं की भिंतीकडे तोंड करून पडायचं. काही हवं असलं की खाटेच्या लोखंडी नळीवर बोटातली अंगठी वाजवायची.

वहिनीने मला फोन केला. "वन्सं, तुमी या. माझं ऐकंनात, पोरांचं ऐकंनात. दवाखान्यातली बाई म्हनती महिनाभर असंच ऱ्हायले तर मंग कायमचंच."

"मी येऊन काय करू वहिनी? मला कुठं बोलता येतं?"

"म्हनून तर बोलावती. ते बी बोलत न्हाईत, तुमी बी बोलत न्हाई. जोडी जमंल."

वहिनी थट्टा करत होती, पण तिचा आवाज रडका होता. मी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ मला दादाचं ते माईकवरचं बोलणंच ऐकू येत राहिलं. मग मी सुनेला म्हणाले, मोबाईलवर जुने पिक्चर मिळतात म्हणतेस, तर मला एक शोधून दे. दादाला दाखवीन. पडून तरी बघेल.

सून म्हणाली, "आई, नाव काय पिक्चरचं?"

"कावडीचा पिक्चर."

तिने मोबाईलला तसं सांगितलं तर देवाची गाणी लागली.

"हिरो कोण त्यात?"

"हिरो नाही. मुलगी आहे."

"बरं, तिचा एखादा डायलॉग आठवतो का? त्यावरून सापडेल."

"डायलॉग कुठला गं? मुकी आहे ती."

सुनेने मग मुक्या मुलीचे कराटेचे पिक्चर शोधले. आठवडाभर शोधले. एकही आमचा निघेना. शेवटी तिने मुकी सोडून दिली आणि नुसत्या पांढऱ्या भुवया धरल्या, आणि एका दुपारी मोबाईल माझ्यापुढे आणून धरला. त्याच पायऱ्या होत्या, तीच कावड होती. मी मेथी निवडत होते. सून मोबाईल डब्याला टेकवून तिच्या कामाला गेली.

पिक्चर आता हिंदीत होता. ती मुलगी डोंगर चढून वर आली, झाडाखाली झोपलेल्या म्हाताऱ्यापाशी थांबली, आणि बोलायला लागली. उठतोस का हे मडकं तुझ्या डोक्यावर उलटं करू, असं म्हणाली. मी मेथीची जुडी खाली ठेवली.

ती नुसती बोलत नव्हती, तिचं तोंड थांबतच नव्हतं. टोमणे मारत होती, भांडत होती, चढताना एकटीच बडबडत होती. गुरू म्हणजे एक दारुडा होता, डोंगरावर त्याची खानावळ होती आणि ते पाणी खानावळीत भांडी घासायला लागत होतं. बांध नव्हताच कुठे. तो भुवयांवाला कसल्याशा औषधी मुळीच्या मागे होता. एवढी वर्षं ज्या पाण्याला मी मनातल्या मनात पाया पडले, ते भांड्यांचं पाणी.

मला आधी वाईट वाटलं. लहानपणापासून ओळखीचं माणूस रस्त्यात भेटावं आणि त्याने ओळखच देऊ नये, तसं. मग त्या म्हातारीने जोडलेले हात आठवले आणि मी हसायला लागले. सून आतून धावत आली, कारण मी एवढ्या मोठ्याने हसत नाही.

शेवटची मारामारी तेवढी होती तशीच होती. दोन्ही मडकी तशीच अलगद उतरली. डावा पाय मागे गेला, काठी डोक्यावरून फिरली. माझ्या खांद्याला ते सगळं आधीच ठाऊक होतं. फक्त ती मुलगी मला फार लहान वाटली. तेव्हा ती केवढी मोठी बाई दिसायची, आता माझ्या नातीएवढीच आहे.

पण मग काळजी पडली. दादाच्या घरी नातवंडांना हिंदी चांगलं कळतं. त्यांनी हे ऐकलं तर म्हणतील, आजोबांनी गावाला सगळं खोटंच सांगितलं. आधीच त्याच्या ढेकरेला हसलेत. न्यावं की नेऊ नये, दोन दिवस ठरेना. शेवटी मी सुनेकडून आवाज बंद कसा करायचा ते शिकून घेतलं आणि निघाले.

गाडीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण कंडक्टर दारात उभा राहून नगर नगरच ओरडत होता. नगरला गाडी बदलून मी दुपारी मिरजगावात उतरले. दादा ओसरीवर खाटेवर पडला होता. मला बघून त्याने डोळ्यांनी ये म्हटलं आणि पुन्हा भिंतीकडे वळला. वहिनी म्हणाली, "बोला आता दोगं निवांत. मी रानातून घास घेऊन येते." म्हशीला घालायचा घास आणायला ती निघून गेली.

मी पाण्याचा तांब्या खाटेवर ठेवला, त्याला मोबाईल टेकवला आणि आवाज बंद करून पिक्चर लावला. "दादा, हे बघ."

त्याने मान वळवली. पायऱ्या दिसल्या, कावड दिसली, तसा तो उठून बसला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मूठ केली, ती आधी आपल्या तोंडाजवळ नेली आणि मग माझ्या तोंडापुढे धरली. माईक. बोल म्हणून.

मी दाराकडे बघितलं. कोणी नव्हतं. अंगणात एक कोंबडी दाणे टिपत होती.

"तर मंडळी," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू येईना. "ही पोरगी आहे गरिबाची. हिच्या गावाला पाणी नाही. म्हणून ही... खानावळीला पाणी घेऊन निघालीय."

माझ्या डोक्यात परवाचाच पिक्चर होता. दादाने खाटेची नळी वाजवली.

"म्हणजे देवाला," मी म्हणाले. "विहिरीवरून पाणी घेऊन."

त्याने पुन्हा नळी वाजवली, जोरात. मी आणखी गडबडले. "मडक्यांत पाणी आहे, आणि..."

तेव्हा माझ्या शेजारी एक आवाज झाला. अरुंद तोंडाच्या लोट्यातून पाणी ओतताना होतो तसा. "का," असा झाला. मग थांबून, "वड."

मी त्याच्याकडे बघितलं नाही. चिमणी ओसरीवर आली की आपण तिच्याकडे बघत नाही, तशी मी मोबाईलकडेच बघत राहिले.

"कावड," मी म्हणाले. "कुठून आणली?"

त्याने हवा गिळली. ते गिळणं ऐकू येत होतं. "गंगं...वरून."

"आणि हा म्हातारा कोण?"

"गुरू. आजारी."

असं थोडं पुढे गेलं. मी विचारायचं, त्याने एकेक शब्द वर आणायचा. प्रत्येक शब्दाला ढेकर यायची, आणि मला तेही बरं वाटत होतं. मध्येच त्याने मोबाईलकडे बोट केलं. "आवाज?"

"बंद पडलाय, दादा. बिघडलाय."

सगळं आयुष्य स्पीकर दुरुस्त करण्यात गेलेला माणूस तो. त्याला मी हे सांगायला नको होतं. त्याने मोबाईल उचलला, कडेचं बटण दाबलं, आणि ती मुलगी हिंदीत कडाडली. कुठली खानावळ, कुठली भांडी, दारुड्या उठ, सगळं. मी डोळे मिटून घेतले.

दादा ऐकत होता. खूप वेळ ऐकत होता. मी डोळे उघडले तर त्याच्या गळ्यावरचं फडकं हलत होतं, भरभर हलत होतं, आणि मला वाटलं त्याला श्वास लागला. मी वहिनीला हाक मारायला उठणार, तेवढ्यात बघितलं, तो हसत होता. आता हसणंही तिथूनच येतं. डोळे पुसून त्याने मोबाईल माझ्या हातात दिला.

"हिचं... तोंड... बंद कर."

मी आवाज बंद केला. ती पुन्हा देवाचं नाव घ्यायला लागली.

मग मी विचारलं. एवढ्या वर्षांत विचारलं नव्हतं. "दादा, तू तिला मुकी का केलीस? माझ्यासाठी केलीस ना?"

त्याला कळेना मी कशाबद्दल बोलतेय. मग त्याने हवा गिळली, पुन्हा गिळली. "बाईचा... आवाज... निघत नव्हता." जरा थांबला. "पोरी... हसल्या असत्या."

म्हणजे तो लाजला होता. माझा दादा, भोंग्यावरून गावाला उठवणारा, आळीतल्या चार पोरींना लाजला होता, आणि मी इकडे त्या एका शब्दावर आख्खं सासर काढलं. मला क्षणभर काहीतरी हातातून सुटल्यासारखं झालं. पण ऑपरेशननंतर त्याच्या तोंडून निघालेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं. दुसरं कुठलं असतं तर जास्त बरं, असं मला म्हणवेना.

दारात वहिनी उभी होती. डोक्यावर घासाचा भारा तसाच. "वन्सं, कोन पाव्हनं आलंय? गड्याचा आवाज आला."

मी दादाकडे बोट केलं. तिने भारा खाली टाकला आणि तिथेच उंबऱ्यावर बसली.

तेवढ्यात नातवंडं शाळेतून आली. दप्तरं टाकून मोबाईलभोवती जमली. दादा गप्प झाला. मला वाटलं, झालं, आता हा भिंतीकडे वळणार. मी पिक्चर चालूच ठेवला. पांढऱ्या भुवया दिसल्या तसं मी हळूच म्हणाले, "आणि हा कोण, दादा?"

ओसरीवर सगळे. दादाने खाटेची नळी घट्ट धरली. हवा गिळली.

"पानी... अडिवनारा."

धाकटा नातू फिसकन हसला. वहिनीने त्याच्याकडे डोळे वटारले. दादाने मात्र त्याच्याकडे सावकाश मान वळवली आणि म्हणाला, "तिकीट... काढलं का?"

पोरगं चपापलं. मग दादाचं फडकं हललं आणि सगळीच हसली. या वेळचं हसणं दादाने सुरू केलेलं होतं. पोरं खाटेच्या दोन्ही बाजूंनी चढून बसली आणि विचारायला लागली, मग पुढं, आजोबा, मग पुढं.

अडचण एकच होती. पिक्चर पुढे पळायचा आणि दादाचा शब्द मागे राहायचा. तेव्हा मी बोटाने पिक्चर थांबवायला लागले. ती मुलगी एक पाय हवेत धरून उभी राहायची, भुवयांवाल्याची माणसं अर्धी पडलेली तशीच थांबायची, आणि दादा हवा गिळून, ढेकर देऊन, त्याचं वाक्य पुरं करायचा. मग मी बोट लावायची आणि पुढचा गडी खाली यायचा. फार थकला की वहिनी म्हणायची, आता पुरे, पाणी प्या. थोडं पडायचा आणि पुन्हा अंगठी वाजवायचा, लावा म्हणून. एरवी तासा-दीड तासाचा तो पिक्चर. आम्हाला तो दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं होईपर्यंत पुरला.